जुन्या कोंबड्या नव्या तलंगांना जगू देईनात

प्रश्न : आमच्याकडं सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात बाजारातनं अडीच महिन्यांच्या चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) आणल्या आणि थेट खुराड्यात सोडल्या. सोडल्या सोडल्या आमची तांबडी त्यांच्यावर तुटून पडली. एकीचं डोकं सोललंय, बाकीच्या तीन कोपऱ्यात तोंड खुपसून उभ्या असतात, दाण्याला पण येत नाहीत. आमचे हे म्हणतात आपोआप मिटंल. मला तर बघवत नाही. काय करू?
– एक वाचक, वडणगे (ता. करवीर)

उत्तर : ताई, मिटतं हे खरंय, पण रक्त निघाल्यावर आपोआप मिटत नाही. लाल दिसलं की बाकीच्या पण तिथंच टोचत सुटतात, अगदी तिच्याबरोबर आलेल्या तलंगासुद्धा. त्यामुळं आजच चौघींना बाहेर काढा, जखमवालीला डालग्याखाली डाला आणि डालगं बाकीच्या तिघींच्या शेजारीच ठेवा, म्हणजे त्या एकमेकींना विसरायच्या नाहीत. जनावरांच्या औषधाच्या दुकानात जखमेवरचा निळा-जांभळा स्प्रे मिळतो तो मारा, रक्ताचा रंग झाकला जातो.

तुमची तांबडी काही वाईट कोंबडी नाही हो. नॉर्वेचे प्राणीशास्त्रज्ञ श्येल्डरप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचं टोचणं बघून बघून १९२१ साली मांडलं की कळपात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. चार नवीन आल्या की ती सगळी परत ठरवावी लागते. म्हणून थोडी टोचाटोची होणारच, आपण फक्त मार खाणारीला पळायला जागा करून द्यायची.

आता तलंगा वेगळ्याच राहू द्या, निदान तीन आठवडे. बाजारातनं आणलेल्या पक्ष्याबरोबर मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) येऊ शकते, हे सुरुवातीलाच करायला हवं होतं पण असू दे, लसीचं पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच विचारा. आजाराचं काही दिसलं नाही तर मग मधे जाळी मारून शेजारी ठेवा. आमच्याकडं जाळी मारली तेव्हा म्हातारी कोंबडी पहिल्या दिवशी जाळीवर धडका मारत होती, मान फुगवून, आणि आठवड्याभरानं बघतोय तर ती जाळीच्या अलीकडं आणि तलंग पलीकडं, दोघी एकाच वेळी मातीत लोळतायत. ते दिसलं की समजायचं वेळ आली. तोवर तलंगा साधारण चार महिन्यांच्या होतील, अंगानं भरतील, मार सोसायची ताकद येईल. घाई करू नका.

खाद्याचं पण बघा. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना जास्त असतो, तलंगांच्या मूत्रपिंडाला तो बाधतो. एकत्र केल्यावर सगळ्यांनाच वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, अंड्यावरची आहे ती आपली आपण खाते.

सोडायच्या रात्री अंधारात एकेक उचलून दांड्यावर जुन्यांच्या शेजारी ठेवा, चौघी एकदमच, एकटीदुकटी कधी नाही. सकाळी फटफटायलाच दार उघडा, बंद खुराड्यातच जास्त मार बसतो. दाणा आणि पाणी तीन-तीन ठिकाणी, लांब लांब, कारण तांबडी एकाच ठिकाणी पहारा देऊ शकते. कोपऱ्यात फळी तिरकी लावा, अंगणात पाचटाच्या पेंढ्या उभ्या करा, म्हणजे मागं दडता येतं. कोबीचा गड्डा दोरीनं टांगून ठेवला तर टोचायला दुसरं काहीतरी मिळतं.

एवढं करून पण तांबडी पाठलाग सोडत नसेल तर तलंगा काढू नका, तांबडीलाच तीन-चार दिवस डालून ठेवा, नजरेआड. परत येईल तेव्हा तिलाच आपली जागा नव्यानं मिळवावी लागते, तोरा उतरतो. कोंबड्याला मात्र काढू नका, पुष्कळदा तोच मधे पडून भांडण सोडवतो.

एकत्र सोडायला रविवार धरा, घरात कुणीतरी दिवसभर असंल असा. आणि त्या तलंगेच्या डोक्यावर पिसं फुटली की कळवा ताई.