कौतुकाची मेल, धमकीची मेल: स्वतः पुस्तक काढणाऱ्यांचे प्रश्न

किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेतून काढलेला, माझा कथासंग्रह आहे. ‘तुमचं केडीपी खातं २४ तासांत बंद होईल, खाली क्लिक करा’ अशी मेल आली. घाबरून लिंक उघडली, पासवर्डही टाकला. आता काय करू? (एक लेखिका, सातारा)

आधी पासवर्ड बदला, पुढचं नंतर वाचा. मात्र मेलमधल्या लिंकवरून नको, ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून. तोच पासवर्ड जीमेलला असेल तर तिथेही बदला आणि दोन्हीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करा. मग केडीपीत बँकेचा तपशील तपासा. नेमकं हेच राहून जातं. रॉयल्टी विक्रीचा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी जमा होते. कुणी खातेक्रमांक बदलून ठेवला असेल, तर दोन महिने तुम्हाला सुगावाही लागणार नाही.

मोबाइलवर मेल पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. नावावर बोट टेकवलं की पत्ता उघडतो; तो अक्षर न् अक्षर वाचा. इंग्रजी लहान ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की हुबेहूब ‘एम’ वाटतात. फिलिपो बर्नार्दिनी हा लंडनमधल्या प्रकाशनसंस्थेत काम करणारा तरुण असल्याच युक्त्यांनी कधी संपादक, कधी एजंट बनून मेल पाठवत होता. १६० हून अधिक बनावट डोमेन (मेलच्या पत्त्यातला ‘@’ नंतरचा भाग) घेऊन त्याने हजाराहून अधिक अप्रकाशित हस्तलिखितं मिळवली. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कला त्याला अटक झाली आणि वर्षभराने त्याने गुन्हा कबूल केला. त्याला भुलले ते याच धंद्यात मुरलेले लोक होते. तेव्हा स्वतःला बोल लावत बसू नका.

माझ्या मराठी कादंबरीवर एका परदेशी वाचकगटाची इंग्रजी मेल आली. इतकं नेमकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. महिनाभर पुस्तकावर चर्चा घेणार आहेत, खर्च फक्त १५० डॉलर. भरू का? (एक वाचक, कोल्हापूर)

भरू नका.

तुम्ही पाठवलेली मेल मी मलपृष्ठाच्या मजकुराशेजारी ठेवून वाचली. धरणाखाली गेलेलं गाव, तीन पिढ्या, आजीचं मौन: कौतुकातली प्रत्येक गोष्ट मलपृष्ठावर आहे. आतल्या पानांतलं एकही वाक्य, एकही प्रसंग नाही. असं पत्र आता एआयकडून क्षणात लिहून घेता येतं आणि त्याच दिवशी शेकडो लेखकांना धाडता येतं. उलट एकच प्रश्न विचारून बघा: गाव सोडताना आजी बरोबर काय घेते? पुस्तक वाचलेला माणूस लगेच सांगेल. दुसरा पुन्हा स्तुती करेल आणि पैशांवर येईल.

खरा वाचकगट पुस्तक विकत घेतो, चर्चेसाठी लेखकाकडे पैसे मागत नाही. पाच-सात वर्षं खपून, पदरमोड करून पुस्तक काढायचं आणि अभिप्रायाची एक ओळ येऊ नये, हे दुःख मी जवळून पाहिलं आहे. त्या भुकेवर कुणी पोट भरतं, याची मला मनापासून चीड येते.

आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी) ‘सरकारी शुल्क’ भरा अशी मेल आलीय. (पुणे)

भारतात आयएसबीएन मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर लेखकाला स्वतः अर्ज करता येतो.

वडील ७४ वर्षांचे, न्यू जर्सीत माझ्याकडे असतात. त्यांच्या आत्मचरित्रावर सिनेमा निघणार म्हणून कुणी त्यांच्याकडून तीनदा पैसे घेतलेत. ते ऐकायलाच तयार नाहीत. (एक मुलगी)

त्यांना पेजटर्नर या प्रकाशन कंपनीचं प्रकरण वाचायला द्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यातलं आरोपपत्र जाहीर केलं. त्यातला आरोप असा, की पुस्तकावर सिनेमा किंवा मालिका निघेल अशी आशा दाखवून ८०० हून अधिक लेखकांकडून ४.४ कोटी डॉलर उकळले. हक्क खरोखर विकत घ्यायचे असतील तर निर्माता लेखकाला पैसे देतो; इथे ते उलट्या दिशेने गेलेत. एवढंच त्यांना शांतपणे दाखवा.

तुम्ही आजच बँकेला कळवा आणि एफबीआयच्या आयसीथ्री (IC3) या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. भारतातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. मेल मात्र पुसू नका, तोच पुरावा आहे. आणि वडिलांना रागावू नका. रागावलात, तर चौथ्यांदा पैसे भरताना ते तुमच्यापासून लपवतील.