चित्राखाली वचन लिहिलंच पाहिजे का?

"मावशी, मी 36 वर्षांची आहे. दिवसभर ऑफिसात हिशेबाचं काम करते. लहानपणापासून चित्रं काढते आणि लहानपणापासूनच चर्चच्या मंडळीत आहे. नाताळच्या कार्यक्रमाचा पडदा, उपवास-प्रार्थनेचं पोस्टर, रविवारच्या स्लाइड्स, संडे स्कूलचे तक्ते, सगळं माझ्याकडे येतं आणि मी ते करते. पण माझी खरी ओढ जलरंगांकडे. माणसांचे हात, दारं, रिकाम्या खुर्च्या असं रंगवत बसते. मध्यंतरी ही चित्रं मंडळीत काही जणांना दाखवली. एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, 'यात प्रभू कुठे आहे? देवाने दान दिलंय ते त्याच्यासाठी वापर, हौसेसाठी नको.' तेव्हापासून ब्रश हातात घेतला की अपराधी वाटतं. प्रत्येक चित्राखाली बायबलचं वचन लिहावं का? 19 व्या वर्षी एका शिबिरात मी रडत रडत स्वतःला प्रभूला वाहिलं होतं. तो आवेश आता प्रार्थनेतही नाही आणि चित्रातही नाही. नोकरी सोडून पूर्ण वेळ देवासाठी कला करावी, असंही मनात येतं. नवरा म्हणतो, तू ठरव, मी आहे. मला काहीच ठरवता येत नाही."

प्रिय मुली,

पत्रासोबत पाठवलेलं चित्र मी बराच वेळ पाहिलं. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईचे हात. मांडीवर पिशवी, मुठीत घडी घातलेला कागद, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. नखांवरच्या उजेडासाठी तू कागद कोरा राखला आहेस. जलरंगात तो उजेड मागाहून आणता येत नाही, रंग भरण्याआधीच तो कुठे ठेवायचा हे ठरवावं लागतं. म्हणजे त्या अनोळखी बाईच्या हातांकडे तू किती मन लावून पाहिलं असशील, हे मला दिसतं. तिच्या शालीत मात्र घाई झाली आहे. खालचा थर वाळायच्या आत तू वरचा दिलास आणि घड्या एकमेकींत मिसळल्या.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. त्या चित्राखाली वचन लिहू नकोस. वचन मोठं आहे म्हणूनच सांगते आहे. चित्राला परवानगी मिळवून देण्यासाठी त्याला राबवायचं नसतं.

बायबलातल्या निर्गमाचा 31 वा अध्याय पुन्हा काढ. "देवाच्या आत्म्याने परिपूर्ण" असं शास्त्रात पहिल्यांदा नाव घेऊन म्हटलं आहे ते बसालेलाविषयी, आणि तो होता देवाच्या उपासनेचा मंडप घडवणारा कारागीर. सोनं, रुपं, पितळ, रत्नांना पैलू पाडणं, लाकडावर कोरीव काम, हे त्याच्या हातचं कसब. पुढे त्याने केलेल्या वस्तूंचं वर्णन बारकाईने वाच. प्रमुख याजकाच्या मंदिलावरच्या सोन्याच्या पट्टीवर "परमेश्वरासाठी पवित्र" ही अक्षरं कोरलेली आहेत. रत्नांवर इस्राएलाच्या वंशांची नावं आहेत. पण दीपवृक्षावर एकही अक्षर असल्याचं सांगितलेलं नाही. त्यावर बदामाच्या फुलांसारख्या वाट्या आहेत, कळ्या आहेत, पाकळ्या आहेत. शुद्ध सोन्याचा, ठोकून घडवलेला, पवित्र स्थानात उभा असलेला तो दिवा, आणि त्यावर नुसती फुलं! देवाने सांगितला तो नमुना हाच. जिथे शब्द हवे होते तिथे शब्द आले, जिथे फुलं हवी होती तिथे फुलं. तुझं पोस्टर ही पट्टी आहे असं समज आणि ते हात हे बदामाचं फूल. दोन्ही कामं एकाच मंडपातली.

त्या बाईंवर रागावू नकोस. "यात प्रभू कुठे आहे?" हा प्रश्न विश्वासणाऱ्या कलावंताने स्वतःला विचारायलाच हवा. फक्त त्याचं उत्तर कागदावर वधस्तंभ शोधून मिळत नाही. बाकावर खोळंबलेल्या त्या बाईकडे कुणी पाहिलं नसेल आणि तू पाहिलंस. आजाऱ्यांना आणि उपाशांना जे केलं ते मलाच केलं, असं येशूने मत्तयाच्या 25 व्या अध्यायात म्हटलं आहे. एवढं चित्र काढून ती सेवा पुरी झाली असं मी म्हणणार नाही. पण माणसाकडे असं पाहायला शिकवणारी कला प्रभूपासून दूर नेत नाही.

राहिला हौसेचा मुद्दा. मार्काच्या 14 व्या अध्यायातल्या त्या स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी फोडली आणि सगळं तेल येशूच्या मस्तकावर ओतलं. तीनशे दिनारांहून अधिक किमतीचं तेल होतं ते, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षभराची कमाई एका घटकेत गेली. बसलेले लोक चिडले, ही नासाडी कशाला म्हणाले, गरिबांना देता आलं असतं म्हणाले. येशू म्हणाला, तिला त्रास का देता, तिने माझ्यासाठी चांगलं काम केलं आहे. गरिबांचं भलं तुम्हाला केव्हाही करता येईल, हेही त्याच दमात म्हणाला. तेव्हा दुसऱ्याची गरज झाकून कलेत दडी मारायची मुभा मी तुला देत नाही. पण उपयोगाच्या तराजूत बसत नाही ते सगळं वाया, हा हिशेब येशूने केलेला नाही.

आपल्या भाषेतच बघ. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांची भजनं आपल्या उपासनेत आजही गायली जातात आणि मराठी शाळांतल्या पिढ्यांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखलं. रानातल्या फुलावर लिहिणारा आणि ख्रिस्तावर लिहिणारा माणूस एकच होता, मन दोन कप्प्यांत वाटलेलं नव्हतं.

तुला मात्र मला एका इंग्रज कवीची गोष्ट सविस्तर सांगायची आहे, कारण तू आज जिथे अडखळली आहेस तिथे तोही अडखळला होता. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सने 1868 साली येशू संघ या कॅथलिक धर्मसंघात जाण्याआधी आपल्या कविता जाळल्या. कविता आपल्या पाचारणात बसत नाही, वरिष्ठांची इच्छा असल्याशिवाय लिहायचं नाही, असं त्याने ठरवलं. सात वर्षं त्याने जवळजवळ काहीच लिहिलं नाही. डिसेंबर 1875 मध्ये थेम्सच्या मुखाशी डॉइचलँड नावाचं जहाज वाळूत रुतलं आणि प्रवाशांबरोबर पाच फ्रान्सिस्कन जोगिणी बुडाल्या. ती बातमी वाचून हॉपकिन्स हेलावला. त्याचे वरिष्ठ सहज म्हणाले, यावर कुणीतरी कविता लिहायला हवी. एवढ्या शब्दांवर सात वर्षांचा बांध फुटला आणि एक दीर्घ कविता उभी राहिली. पुढे त्याने वाऱ्यावर तोललेल्या ससाण्यावर लिहिलं, माशाच्या अंगावरच्या ठिपक्यांवर लिहिलं आणि त्या ठिपक्यांसाठी देवाची स्तुती केली. जहाजावरची ती दीर्घ कविता त्याच्या संघाच्या मासिकानेच छापली नाही. 1889 साली तो वारला तेव्हा कवी म्हणून त्याला ओळखणारे मोजकेच होते. मित्र रॉबर्ट ब्रिजेसने त्याचा संग्रह काढला तो 1918 साली.

हॉपकिन्सचा त्याग खोटा होता असं मला वाटत नाही. त्याने मनापासून देवाला दिलं होतं. पण त्याने जे दिलं ते देवाने त्याच्याच हातात परत ठेवलं, असं मी या गोष्टीकडे पाहते. तूही 19 व्या वर्षी स्वतःला वाहिलंस. त्या वाहण्यात ब्रशही आला नव्हता का? मग तो उचलताना चोरी केल्यासारखं का वाटावं?

आता आवेशाचं. मुली, तू थकली आहेस! पत्र मी दोनदा वाचलं. आठवड्यात स्वतःच्या चित्राला बसायची एकही ठरलेली वेळ त्यात सापडली नाही. दिवसभर आकडे, संध्याकाळी घर, शनिवारी रात्री स्लाइड्स, आणि उरलेल्या वेळात आवेश का येत नाही म्हणून स्वतःची झडती. शिबिरातलं ते रडणं खरं होतं, त्याबद्दल देवाचे आभार मान. पण 19 व्या वर्षीचं रडणं 36 व्या वर्षी पुन्हा मागू नकोस. आज विश्वास वेगळ्या रूपात आहे. कंटाळा आला तरी तू प्रार्थनेला बसतेस, कुणी वाहवा केली नाही तरी पडदा रंगवून देतेस. आवेश आधी आणि काम मागून, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा बसल्यावर, पहिले दोन कागद वाया गेल्यावर, तिसऱ्यावर हात सैल होतो आणि मन लागतं.

म्हणून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ठरव आणि नवऱ्याला सांग. तो "मी आहे" म्हणतोय ना, मग त्या दोन संध्याकाळी घर त्याच्याकडे. बसताना छोटी प्रार्थना कर. जर्मन संगीतकार बाख आपल्या स्वरलिपीच्या माथ्यावर "येशू, साहाय्य कर" अशा अर्थाची अक्षरं लिहायचा आणि शेवटी "केवळ देवाला गौरव". त्याच लेखणीने त्याने कॉफीच्या वेडावर हलकीफुलकी रचनाही केली. तुला लिहायचंच असेल तर चित्राच्या पाठीमागे लिही, जिथे ते तुझ्यात आणि देवात राहील.

आणि कामात कसूर करू नकोस. "प्रभूसाठी आहे, चालून जाईल" ही सवय मंडळीतल्या कितीतरी पडद्यांवर आणि गाण्यांवर दिसते आणि मला तिचं फार वाईट वाटतं. प्रभूसाठी आहे म्हणूनच थर वाळेपर्यंत थांबायचं.

मंडळीचं काम सगळं टाकू नकोस, पण सगळं उचलूही नकोस. पाळकसाहेबांना भेट आणि स्पष्ट सांग की पडदा आणि तक्ते मी करीन, दर रविवारच्या स्लाइड्स आता दुसऱ्या कुणी कराव्यात, आणि मी शिकवीन. युवक संघात फोनवर तासन्तास काहीबाही बनवणारी दोन पोरं नक्की सापडतील. बसालेलाला हाताच्या कसबाबरोबर दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली होती, असं निर्गम 35 मध्ये लिहिलं आहे. तेव्हा हे काम टाळणं नव्हे. नकार देताना आवाज कापेल, तरी दे.

नोकरी मात्र आत्ता सोडू नकोस. पूर्ण वेळ म्हणजे जास्त आत्मिक, असं शास्त्र सांगत नाही. प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्लाबरोबर राहून तंबू शिवायचा आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलायचा. आज तू थकव्यातून आणि अपराधी भावनेतून सुटका म्हणून राजीनामा देशील. मग महिन्याच्या शेवटी प्रत्येक चित्राकडून पैशाची अपेक्षा धरशील, आणि तो भार त्या हातांच्या चित्रांना झेपणार नाही. आधी सहा महिने या दोन संध्याकाळी सांभाळ. चित्रं साठू देत. त्यानंतरही ओढ तितकीच असली, तर नवऱ्याला शेजारी बसवून घरखर्च किती, शिल्लक किती, कामाचे तास अर्धे करून मिळतात का, हे कागदावर मांड. हिशेबाचं काम तुझ्या हातचं आहे, ते इथे वापर. आणि तेव्हा मला पुन्हा लिही, सोबत नवी चित्रं पाठव.

तुझी,
मावशी