सर्जरीसाठी कॉलेज निवडताना काय विचारावे?

प्रश्न : माझी मुलगी नीट-पीजी उत्तीर्ण झाली असून तिला एम.एस. जनरल सर्जरी करायचे आहे. एक पर्याय मोठ्या सरकारी रुग्णालयाचा आहे, पण तिथे रेसिडेंट डॉक्टरांना धड झोपही मिळत नाही असे ऐकतो. दुसरा खासगी महाविद्यालयाचा. तिथे ड्युटी सुसह्य आहे, पण रुग्ण कमी. ती अधिक समाधानी कुठे राहील?
– एक पालक

उत्तर : झोपेची काळजी रास्त आहे, परंतु तास कमी झाले की समाधान आपोआप वाढते असे अनुभवास येत नाही. अमेरिकेत २००३ पासून रेसिडेंटांना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे. ती कायम ठेवून तिथल्या सर्जरीच्या ११७ प्रशिक्षण कार्यक्रमांचे दोन गट केले गेले आणि एका गटाला सलग ड्युटी किती लांबवावी याची मोकळीक दिली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिक्षणाच्या दर्जाबद्दलच्या समाधानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मोकळीक मिळालेल्यांना शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून जाण्याची वेळ कमी आली. घरच्यांसाठी वेळ उरत नाही, ही तक्रार मात्र त्यांचीच जास्त होती.

मग समाधान कशात असते? माझ्या सर्जरीच्या प्रशिक्षणातल्या दुसऱ्या वर्षातली एक रात्र सांगतो. अपेंडिक्सची केस होती. आमचे लेक्चरर हात धुऊन आले आणि रुग्णाच्या उजवीकडची, म्हणजे ऑपरेट करणाऱ्याची जागा सोडून समोर असिस्टंटच्या जागी उभे राहिले. मला अपेंडिक्स काही केल्या सापडेना. त्यांनी स्वतः हात घातला नाही. ‘टीनिया धर आणि खाली जा’ एवढेच म्हणाले. मोठ्या आतड्यावरची ती पट्टी धरून गेलो आणि अपेंडिक्सच्या मुळाशीच पोहोचलो. त्यांनी केली असती तर ती केस निम्म्या वेळात झाली असती.

त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या युनिटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सर्जनच्या हाताखालच्या डॉक्टरांच्या दुसऱ्या तुकडीत, रात्री वरिष्ठ फोनच उचलत नसत. तिथल्या मुलांनी केलेल्या केसेसचा आकडा आमच्यापेक्षा मोठा होता, तरीही ती सतत धास्तावलेली असत, कारण आपले चुकते आहे की बरोबर, हे सांगणारे कोणी नव्हते. म्हणूनच महाविद्यालयाच्या नावापेक्षा युनिट महत्त्वाचे असे मी मानतो; अर्थात युनिट आपल्या हातात नसते, ही अडचण आहेच.

खासगी रुग्णालयात पैसे भरून येणारा रुग्ण बहुधा विशिष्ट सर्जनच्या नावावर येतो, त्यामुळे रेसिडेंटच्या हाती सुरी उशिरा येते. अध्यापन मात्र तिथे अनेकदा अधिक नियमित असते. सरकारी रुग्णालयात केसेस भरपूर, पण पहिले वर्ष रक्ताचे नमुने पोहोचवण्यात, रिपोर्ट आणण्यात आणि प्रसंगी ट्रॉली ढकलण्यातही जाऊ शकते. या कामांनी येणारा थकवा शस्त्रक्रियेच्या थकव्याहून वेगळा असतो. त्यातून माणूस चिडतो.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत साप्ताहिक सुटी, वर्षाला किमान २० दिवसांची सवेतन किरकोळ रजा आणि वाजवी कामाचे तास यांची तरतूद आहे. ती कागदावर आहे की वेळापत्रकात, हे विभागप्रमुखांना विचारून कळणार नाही. त्यासाठी दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठावे. गेल्या महिन्यात किती हर्निया स्वतः केले, लॉगबुकमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत, ‘असिस्ट केले’ अशा नोंदी किती, ऑपरेशन थिएटरच्या एका दिवशी टेबलाभोवती किती रेसिडेंट असतात, रात्री दोनला कॉल केला तर कोण येते आणि आल्यावर काय बोलते, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला, तर ते हसू नीट पाहावे. जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया करायला मिळतात का, हेही तिसऱ्या वर्षातल्या एखाद्याकडून जाणून घ्यावे.

माझा कल सरकारी रुग्णालयाकडे आहे, मात्र रात्री वरिष्ठ येतात याची खात्री झाली तरच. पसंतीक्रम भरण्याआधी तुमच्या मुलीने दोन्हीकडे इमर्जन्सीच्या, म्हणजे युनिटकडे तातडीचे रुग्ण येण्याच्या दिवशी, रात्री आठनंतर जाऊन यावे. आणि रेसिडेंट मुलींची विश्रांतीची खोली वॉर्डपासून किती लांब आहे व तिला आतून कडी आहे का, तेही पाहावे.