नुसती लिंक्डइन प्रोफाइल बनवून फ्रेशरला नोकरी मिळते का?

मला लिंक्डइनवरूनच मिळाली, म्हणून लिहिते. नुसती प्रोफाइल बनवून मात्र काही होत नाही.

मी मेकॅनिकलची, गाव इचलकरंजी. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांना शॉप फ्लोअरवर मुलगी नको होती. घरी काकांचं एकच पालुपद: "बायोडाटा माझ्याकडे दे, ओळखीत शब्द टाकतो. मुलीनं नाव-फोटो लावून नेटवर नोकरी मागत फिरू नये." बायोडाटा दिला. तो कुणाच्या टेबलावर पडला, देव जाणे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, केला होता. एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या एका कास्टिंगला (साच्यात ओतून केलेल्या वस्तूला) जाड भागात श्रिंकेज येत होतं. बाजूचा पातळ भाग आधी गोठायचा, जाड भागाला शेवटी धातू कमी पडायचा आणि आत पोकळी राहायची. मशिनिंगला गेल्यावर ती उघडी पडायची, तोवर सगळा खर्च होऊन गेलेला. आम्ही रायझरची (गोठताना जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याची) जागा बदलली, एका ठिकाणी चिल (उष्णता लवकर ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावली आणि रिजेक्शन उतरलं. हे मी लिंक्डइनवर लिहिलं, हातानं काढलेल्या स्केचसकट. मालकांना विचारूनच, आणि कस्टमरचं नाव किंवा ड्रॉइंग न टाकता.

मैत्रिणींनी लाइक केलं. भोसरीच्या एका अनोळखी मेथड्स इंजिनिअरनी (साच्यात धातू कसा ओतायचा हे ठरवणाऱ्या) मात्र खाली विचारलं, "चिलजवळ कार्बाइड आले का? हार्डनेस बघितला का?" चिलजवळ धातू पटकन गोठला की कार्बाइडचे कडक कण तयार होऊ शकतात, म्हणून हा प्रश्न. हार्डनेस बघितला होता. रीडिंग दिली, मग बोलणं वाढत गेलं. पुढे त्यांच्याकडे जागा निघाली तेव्हा त्यांनी स्वतःहून कळवलं. मुलाखतीचा निम्मा वेळ त्या कास्टिंगवरच गेला.

काका म्हणतात, ही पण ओळखच झाली. झालीच, पण ती माझ्या कामानं करून दिलेली. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच मांडलं होतं की नव्या संधीची बातमी बहुधा लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास 'सायन्स'मध्ये छापून आला, त्यातही थोड्या लांबच्या ओळखीच जास्त कामी आल्या होत्या. काकांची सगळी ओळख एका गल्लीतली.

तेव्हा हेडलाइनमधलं 'हार्डवर्किंग फ्रेशर' काढा आणि काय येतं ते लिहा. "सर, जॉब असेल तर सांगा" असा मेसेज कुणालाही पाठवू नका. समोरच्याच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा, उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

हो, सरकारी भरतीला याचा काही उपयोग नाही. एमआयडीसीतले छोटे वर्कशॉप अजून गेटवर जाऊनच माणूस घेतात, तिथे जाच. ऑफर लेटरसाठी कुणी पैसे मागितले तर तो फसवतोय, पुढे बोलूच नका.

आणि मुलींनो, घरचे फोटो लावू देत नसतील तर फोटोशिवाय सुरू करा, पण नाव पूर्ण लावा. संपर्काला भावाचा नंबर किंवा वडिलांचा ईमेल देऊ नका. मुलाखतीचा मेल थेट तुमच्याकडेच आला पाहिजे.