स्पॅनिश येण्यापूर्वीचे फिलिपिनो साहित्य

प्रश्न : स्पॅनिश मिशनऱ्यांनी छापखाना नेल्यावरच फिलिपिन्समध्ये साहित्य सुरू झाले, असे एका लेखात वाचले. त्यापूर्वी तेथे काही लिहिले जात नव्हते काय? की जे होते ते मिशनऱ्यांनी नष्ट केले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लेखन निश्चितपणे होते. मनिलाजवळच्या लागुना प्रांतात १९८९ मध्ये एक ताम्रपट उजेडात आला. त्यावरील तिथी आपल्या पंचांगातील वाटावी अशी आहे : शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार, म्हणजे इसवी सन ९००. लिपी जावाकडील कावी, भाषा संस्कृत शब्द मिसळलेली जुनी मलय आणि मजकूर कर्जमुक्तीचा आहे. अर्थात हा दस्तऐवज झाला, साहित्य नव्हे.

स्पॅनिश सत्ता १५६५ मध्ये स्थिरावू लागली, तेव्हा तागालोग लोक बायबायिन लिपीत लिहीत होते. ती ब्राह्मी कुळातील असून तिच्यात सतरा अक्षरे होती. व्यंजनात ‘अ’ अंतर्भूत असे आणि वर किंवा खाली खूण करून स्वर बदलला जाई. बांबूवर व पानांवर कोरलेले हे लेखन हवामानामुळे टिकले नाही. मुळात दीर्घ काव्ये लिहून ठेवण्याची पद्धतच नव्हती. ती मुखोद्गत असत. उत्तर लुझोनमधील इफुगाओ लोकांचे ‘हुडहुड’ भाताच्या पेरणीत, कापणीत आणि मृताजवळच्या जागरणात गायिले जाते. ते गाणाऱ्या प्रामुख्याने वृद्ध स्त्रिया असतात आणि संपूर्ण गायनास कित्येक दिवस लागू शकतात. मिंदानाओमधील मारानाओ लोकांकडे ‘दारांगेन’ हे महाकाव्य आहेच, शिवाय ‘महाराडिया लावाना’ ही रामकथाही आहे, जिच्यात लक्ष्मण हे नाव हनुमानाच्या जागी असलेल्या वानराला मिळाले आहे. ज्या परंपरेचे भांडार गाणाऱ्यांच्या कंठात होते, तिचा आरंभ छापखान्यापासून मोजणे मला अन्यायाचे वाटते.

मिशनऱ्यांनी सारे जाळून टाकले, हे म्हणणेही पुरते खरे नाही. १५९३ मध्ये मनिलात छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या धर्मपुस्तिकेत तागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत आहे. मात्र या लिपीत शब्दाच्या शेवटचे व्यंजन लिहिण्याची सोय नव्हती. ‘बुंदोक’ हा शब्द ‘बुदो’ असा लिहिला जाई आणि वाचणारा संदर्भाने उरलेले भरून घेई. १६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ या धर्मगुरूने अक्षराचा पाय मोडण्यासाठी क्रुसाची खूण योजली, पण ती लोकांनी स्वीकारली नाही. पुढे प्रशासन, चर्च आणि छपाई यांची लिपी रोमन झाल्यावर बायबायिन मागे पडली.

वसाहतकाळातील रचनांचे विषय बहुतेक ख्रिस्ती आहेत. १७०४ च्या सुमारास गास्पार आकीनो दे बेलेन यांनी येशूच्या यातनांची कथा तागालोग पद्यात रचली. फादर स्टीफन्स यांचे १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे, हे येथे साहजिकच आठवते. फरक इतकाच की तेथील कवी स्वतः त्या मातीतला होता. पवित्र सप्ताहात अशी ‘पास्योन’ काव्ये तेथे आजही तासन्‌तास गायिली जातात. १८३८ मध्ये फ्रान्सिस्को बालागतास यांनी ‘फ्लोरान्ते आत लाउरा’ हे बारा अक्षरी ओळींचे कथाकाव्य प्रसिद्ध केले. कथा अल्बानियात घडते, परंतु त्यातील अन्यायग्रस्त राज्याच्या वर्णनात वाचकांनी आपलाच देश ओळखला, आणि अशी आडवाट घेतल्यामुळेच ते सेन्सॉरच्या कचाट्यातून सुटले असावे. होसे रिझाल यांनी मात्र स्पॅनिश भाषेतूनच स्पॅनिश सत्तेवर कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली आणि मायदेशी तिच्यावर बंदी आली.

नष्ट होण्याविषयी विचारलेत म्हणून शेवटी मिंदोरो बेटाचा उल्लेख करतो. तेथील हानुनुओ मांग्यान लोकांनी आपली जुनी लिपी सोडली नाही. सात अक्षरी ओळींची ‘आंबाहान’ काव्ये ते अजूनही सुरीच्या टोकाने बांबूवर कोरतात.