न आलेल्यांची यादी आणि आलेल्यांची

प्रश्न: वडील गेल्यावर धाकट्या भावाने मुखत्यारपत्रावर माझी सही घेतली आणि सत्तरी तालुक्यातली काजूची बाग विकून टाकली. माझ्या वाट्याचा एक पैसा दिला नाही. आम्ही एकाच चर्चला जातो. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीपाशी माझा आवाज बंद होतो. सगळे म्हणतात, देवाचे उपकार आठव. त्याने भावावरचा राग कसा जाणार?
– एक भगिनी, म्हापसा

उत्तर: ताई, पहिली गोष्ट म्हणजे तुमच्यावर अन्याय झालाय. हा अन्याय लहान आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बायबलातल्या मत्तय 18 व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? त्यावर येशू दोन कर्जांची गोष्ट सांगतो. एका चाकराचं त्याच्या सोबत्याकडे शंभर दिनार येणं होतं आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची कमाई बुडाली तर कुणाचंही घर हलेल. प्रभू ते कर्ज खोटं ठरवत नाही. पण त्याच चाकराला राजाने दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं होतं, आणि एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होतात. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! राजवाड्याबाहेर पडताच तो हे विसरला आणि सोबत्याची मानगूट धरली. मला वाटतं, त्याचा घात या विसरण्यानेच केला.

म्हणून उपकार आठवायचे ते नावानिशी. 'देव चांगला आहे' एवढ्याने राग हलत नाही. माझे यजमान बांबोळीला हॉस्पिटलात होते तेव्हा जवळच्या नात्यातलं एक माणूसही फिरकलं नाही. न आलेल्यांची यादी मला तोंडपाठ होती. एका रात्री आलेल्यांची लिहायला घेतली: रोज पेजेचा डबा पाठवणारी शेजारची वहिनी, रक्त देऊन नावही न सांगता गेलेला मुलगा, पहाटे प्रार्थनेला बसणारे आमचे पाळक. ही सगळी माणसं प्रभूनेच धाडली होती. मग माझी स्वतःची पापं आठवली, क्रूसावर फेडली गेलेली. नातेवाइकांचा राग त्याच रात्री गेला नाही, पण त्यांच्यासाठी प्रार्थना करता येऊ लागली. तुम्हीही लिहा. भावाचं नाव त्या कागदावर नको, फक्त तुम्हाला मिळालेलं लिहा.

आणि क्षमा केली म्हणजे वाटा सोडला असं नाही. त्याच अध्यायात प्रभू सांगतो, आधी एकट्याने जाऊन भावाला त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तसंच करा. मुखत्यारपत्र अजून रद्द केलं नसेल तर भावाकडे जाण्याआधी वकिलांना गाठून ते रद्द करून घ्या.