‘लॅबवाल्या पोरांना पगार आमच्याएवढाच’

प्रश्न : मी जालन्याच्या एका सळईच्या मिलमध्ये अठरा वर्षांपासून भट्टीवर आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन. धातूंवर संशोधन करायचं म्हणते. आमच्या मिलच्या लॅबमध्ये बी.एस्सी. झालेली पोरं आहेत, त्यांना पगार आमच्याएवढाच. मग आणखी सात-आठ वर्षं शिकवून मिळणार काय? पाहुणे म्हणतात, बी.एड. करून टाका. – एक पालक, जालना

उत्तर : भाऊ, तुमचा हिशोब चुकीचा नाही. फक्त तुम्ही रोज बघता ती लॅब वेगळी आणि मुलगी म्हणते ती वेगळी.

मिलमधला केमिस्ट भट्टीतून चमचाभर सॅम्पल घेतो, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, ठिणगी पाडतो आणि कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस किती ते वाचून सांगतो. फे ५०० डी या प्रतीच्या सळईत गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्यांच्या आत हवं, असं सगळं बसलं की हीट, म्हणजे भट्टीतला तो घाणा, पास. पुढे सळई मशीनवर ओढून तोडतात, ताण आणि इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत ती किती लांबली, ते लिहितात. हे जबाबदारीचं काम आहे, पण उत्तर आधीच ठरलेलं असतं. बसतं की नाही एवढंच बघायचं. मी स्वतः एम.एस्सी.नंतर दोन वर्षं एका औषध कंपनीत असंच काम केलं. टायट्रेशनला हात इतका बसला की झोपेत केलं असतं, पण ‘असं का’ हा प्रश्न मला तिथे कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही.

संशोधन सुरू होतं ते हीट पास होऊनही माल फुटतो तेव्हा. तुमच्याच भट्टीतलं उदाहरण घ्या. भंगारात मोटारीची वायंडिंग, वायरीचे तुकडे येतात, त्यातून तांबं पोलादात उतरतं. बिलेट, म्हणजे ज्यापासून सळई लाटतात तो ओतीव ठोकळा, तापलं की वरचं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला लागतं आणि त्याची खपली होते. तांबं तसं जळत नाही, ते खपलीखाली साठत जातं. ते १०८५ अंशांना वितळतं आणि बिलेट त्याहून जास्त तापलेलं असतं. मग हे पातळ तांबं पोलादाच्या कणांच्या फटींत शिरतं आणि रोलरचा दाब आला की वरून भेगा पडतात. बरं, ऑक्सिजन मारून तांबं काढू म्हणावं तर आधी लोखंडच जळतं. निकेल घातलं तर त्रास कमी होतो, पण निकेल महाग. भंगारातल्या या तांब्याचं करायचं काय, यावर जगभर आजही काम चालू आहे. तुमच्या मुलीला जे करायचंय ते हे. एका बाजूला रसायन, दुसऱ्या बाजूला धातूची ताकद आणि आतली रचना. म्हणून तिला सांगा, फिजिक्स आणि मॅथ्स सोडू नकोस. नुसत्या केमिस्ट्रीवर आलेली मुलं या विषयात पुढे अडखळताना मी पाहिली आहेत.

आता पैशाचं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तिने जॅम ही परीक्षा द्यावी. त्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. नाही जमलं तर छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठात एम.एस्सी. करायला काही कमीपणा नाही. त्यानंतर नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या सरकारी फेलोशिपची परीक्षा, निघाली तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे तेव्हा तुम्हाला घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. याची दुसरी बाजूही स्पष्ट सांगतो : फेलोशिप नसेल तर पीएच.डी.ला बसवू नका. तीस वर्षांची, बिनपगारी आणि गाईडच्या मर्जीवर अडकलेली मुलं माझ्याकडे दर महिन्याला येतात.

पीएच.डी. नको असेल तर एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल आहे. एक वर्षाचं प्रशिक्षण भत्त्यासह, ते नीट पार पडलं की थेट वैज्ञानिक अधिकारी. निवड कडक असते आणि वयाची अट आहे, त्यामुळे मध्ये वर्ष वाया घालवू नये.

एक गोष्ट गोड करून सांगता येत नाही. या कामाच्या मोठ्या जागा मराठवाड्यात नाहीत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हैदराबादची संरक्षण खात्याची धातू प्रयोगशाळा, कल्पक्कमचं अणुसंशोधन केंद्र, जमशेदपूरची राष्ट्रीय धातू प्रयोगशाळा अशा ठिकाणी जावं लागतं. हैदराबाद त्यातल्या त्यात बरं, देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सिकंदराबाद. पण मुलगी तेवीस वर्षांची झाली की पाहुणे विचारणारच, ‘अजून शिकतेच का?’ तेव्हा काय उत्तर द्यायचं ते तुम्ही आणि घरच्यांनी आजच ठरवा. पैशापेक्षा याच प्रश्नावर जास्त मुली थांबलेल्या मी बघितल्यात.

बी.एड. वाईट नाही. ते एम.एस्सी.नंतरही करता येतं, म्हणून आत्ता घाई नको.

आणि तिची ओढ खरी की वरवरची, हे तपासायची सोय तुमच्याच हातात आहे. साहेबांना विचारून सळईचा बोटभर तुकडा आणि रोलिंगमध्ये भेग पडलेला एखादा तुकडा घरी न्या. कॉलेजच्या सरांच्या देखरेखीखाली तिने सळईचा काप घासून आरशासारखा करावा आणि त्याला नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल, लावावं. टीएमटी सळई असेल तर कडेने गडद कडं दिसेल आणि आत फिकट गाभा. गरम सळईवर पाणी मारल्याने कडेचं पोलाद कडक झालेलं असतं. ते कडं बघून ती ‘छान आहे’ म्हणून उठली, तर आपण पुन्हा बोलू. फुटलेला तुकडाही तसाच घासून बघायला बसली, तर जॅमचा फॉर्म केव्हा निघतो याच्यावर लक्ष ठेवा.